गावरान कोंबड्यांची निवड पैदास : घरच्या कळपाची प्रत टप्प्याटप्प्याने कशी वाढवावी

आषाढ लागला की गावोगावी गावरान कोंबड्याला मागणी येते. श्रावणापूर्वी आखाड साजरा करायचा असतो, कुणाला जत्रेचा नवस फेडायचा असतो, आणि दारात आलेले गिऱ्हाईक नेमके सर्वांत भरदार नरावर बोट ठेवते. चांगला भाव मिळतो म्हणून तो विकला जातो. मागे उरतो तो लहान चणीचा, कुणीच न मागितलेला कोंबडा, आणि पुढच्या वर्षभरातल्या सगळ्या पिल्लांचा बाप तोच होतो. असे दहा-पंधरा वर्षे चालले की कोंबड्या बारीक झाल्या, अंडी कमी झाली अशी तक्रार सुरू होते आणि दोष खाद्याला, हवेला किंवा जातीला दिला जातो. खरे तर अशा घरात निवड चालूच असते, पण ती उलट्या दिशेने चालू असते. ज्यांनी नुकत्याच वीस-पंचवीस गावरान कोंबड्या पाळल्या आहेत आणि दरवर्षी विकतची पिल्ले आणण्याऐवजी ज्यांना स्वतःचाच कळप पिढीगणिक सुधारायचा आहे, त्यांच्यासाठी ही दिशा सरळ करण्याची रीत येथे क्रमाने मांडली आहे.

मूळ पक्षी कोणते घ्यावेत

पहिली चूक येथेच होते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराज व ग्रामप्रिया, किंवा बंगळुरूची गिरिराज, हे पक्षी परसातल्या पालनासाठी उत्तम आहेत. परंतु ते वेगवेगळ्या वंशांच्या संकरातून तयार केलेले असतात. त्यांची अंडी घरी उबवली तर पुढच्या पिढीत आई-बापांचे गुण विखुरतात, एका पिल्लाची वाढ चांगली होते तर त्याच्याच भावंडाची खुंटते, आणि पहिल्या पिढीत दिसलेला एकसारखेपणा राहत नाही. हे पक्षी अंडी व मांसासाठी जरूर पाळावेत, पण निवडीचा पाया म्हणून नवख्याने ते घेऊ नयेत.

आपल्याच तालुक्यातील, आपल्याच हवेत वाढलेल्या गावरान कोंबड्या घ्याव्यात, आणि त्या एकाच घरून न घेता एकमेकांपासून दूर असलेल्या तीन-चार वस्त्यांवरून घ्याव्यात, म्हणजे त्या एकमेकींच्या बहिणी असण्याची शक्यता कमी होते. सुरुवातीला २४ माद्या आणि पाच-सहा नर पुरेसे आहेत. कडकनाथ पाळायचा असेल तर तो शुद्धच पाळावा. मध्य प्रदेशातील झाबुआच्या या जातीच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिची किंमत तिच्या शुद्धतेतच आहे.

आणलेले पक्षी किमान तीन आठवडे जुन्या पक्ष्यांपासून वेगळे ठेवावेत, जंतनाशक द्यावे आणि मानमोडी व देवी या रोगांच्या लसी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर टोचून घ्याव्यात. आजारी कळपात निवड करता येत नाही, कारण तेथे वजन आणि अंडी यांतला फरक रक्ताचा नसून रोगाचा असतो.

हेतू एकच ठरवा, फार तर दोन

वजन, अंड्यांची संख्या, अंड्याचा आकार, खुडूक होण्याची (अंडी थांबवून उबवायला बसण्याची) सवय, रंग, चपळपणा हे सगळे एकदम सुधारायला निघालेल्या माणसाचे काहीच सुधारत नाही. जितक्या गोष्टींवर निवड कराल तितकी प्रत्येक गोष्टीवरची निवड सैल होते. शिवाय काही गुण एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. केवळ वजनावर निवड करत गेल्यास अंडी घटण्याकडे कल होतो, आणि केवळ अंड्यांवर निवड करत गेल्यास खुडूक होण्याची सवय कमी होत जाते. ज्याच्याकडे उबवणी यंत्र नाही, त्याला ही दुसरी गोष्ट परवडणारी नाही. माझ्या मते घरच्या कळपासाठी दोन हेतू पुरेत: विसाव्या आठवड्याचे वजन आणि पहिल्या हंगामातली अंडी. निरोगीपणा हा हेतू नसून अट आहे. ती पूर्ण न करणारा पक्षी बाकी कितीही चांगला असला तरी पैदाशीत ठेवू नये.

ज्या गुणामागे थोडीच जनुके असतात तो पटकन पक्का होतो. उघड्या मानेच्या कोंबडीचे उदाहरण घ्या. हा गुण प्रभावी आहे, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पिल्लाची मान उघडी राहते, अंगावरची पिसेही कमी येतात आणि विदर्भासारख्या उन्हात असा पक्षी अधिक टिकून राहतो. वजन व अंडी यांचे तसे नाही. त्यांच्यामागे असंख्य जनुके असतात आणि त्यात खाद्य, ऋतू, आजार मिसळतात, म्हणून तेथे वहीशिवाय इलाज नाही.

ओळख आणि वही

पिल्लू अंड्यातून बाहेर पडून वाळले की त्याच दिवशी त्याची ओळख कायम करावी. कोंबडीच्या पायाच्या पुढच्या तीन बोटांमध्ये दोन पातळ पडदे असतात. दोन्ही पायांचे मिळून चार. यांतल्या ठरावीक पडद्याला पिल्लांसाठी मिळणाऱ्या बारीक चिमट्याने छिद्र पाडतात. चारही पडद्यांचा मेळ घातला तर १६ वेगवेगळ्या खुणा होतात, म्हणजे १६ कुटुंबे वेगळी ओळखता येतात. चिमटा आधी निर्जंतुक करावा, पडद्याचा कापला गेलेला तुकडा पूर्ण निघाला आहे याची खात्री करावी, नाहीतर छिद्र आठवड्यात भरून येते. पक्षी मोठा झाला की पायात क्रमांकाची प्लास्टिक रिंग घालावी.

वहीत प्रत्येक पक्ष्याला एक ओळ द्यावी: क्रमांक, आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, जन्मतारीख, आठव्या व विसाव्या आठवड्याचे वजन, पहिले अंडे कोणत्या वयात दिले, आणि नंतर अंड्यांची बेरीज. वजन सकाळी, चारा-पाण्यापूर्वी आणि सगळ्यांचे एकाच दिवशी करावे. वाण्याचा तराजू आणि पक्षी उलटा मावेल असे पत्र्याचे नरसाळे एवढे साहित्य पुरते.

कोणते अंडे कोणत्या कोंबडीचे, हा प्रश्न सर्वांना पडतो. आत शिरताच फळी पडणारे सापळ्याचे खुराडे हा पक्का उपाय आहे, परंतु त्यासाठी दिवसभर कुणीतरी कोंबड्या सोडत राहावे लागते. आठवड्यातले तीन ठरावीक दिवस नोंद ठेवली तरी निवडीसाठी ती बऱ्यापैकी विश्वासाची ठरते. कळप लहान असेल तर नजरही तयार होते. एक कोंबडी निमुळते अंडे देते, दुसरीच्या अंड्यावर बारीक ठिपके असतात, तिसरीचे गुलाबीसर असते. ही ठेवण त्या कोंबडीत वर्षानुवर्षे फारशी बदलत नाही. घरातल्या बायकांना हे बहुधा आधीच माहीत असते, म्हणून वही त्यांच्या हाती असावी, असे मी आग्रहाने सांगतो. वर्षभर थांबण्याचीही गरज नाही. कोंबडी ४० आठवड्यांची होईपर्यंत दिलेली अंडी पुढच्या कामगिरीचा पुरेसा अंदाज देतात, आणि संशोधन केंद्रांवरही दीर्घकाळ याच वयाची बेरीज निवडीसाठी वापरली गेली आहे.

कोंबडी हातात घेऊन पाहणे

संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात बसल्यावर हे काम करावे, तेव्हा त्या शांत असतात. कोंबडी डाव्या हातावर, तिचे डोके आपल्या काखेकडे येईल अशी धरावी, दोन्ही पाय बोटांत अडकवावेत आणि उजव्या हाताने अंडे येण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडे चाचपावीत. अंड्यावर असलेल्या कोंबडीची ही हाडे पातळ व लवचीक लागतात आणि त्यांच्यामध्ये दोन ते तीन बोटे सहज बसतात. भाकड कोंबडीत ती जाड, ताठ आणि जेमतेम एक बोट मावेल इतकी जवळ असतात. मग त्या हाडांपासून छातीच्या हाडाच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर बोटांनी मोजावे. तीन-चार बोटे भरली आणि कातडी मऊ लागली तर पोटात अंड्यासाठी जागा आहे असे समजावे. अंडे येण्याची जागा अंड्यावरच्या कोंबडीत ओलसर, रुंद व फिकट असते, भाकड कोंबडीत ती आकसलेली व कोरडी असते. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लाल, भरलेला आणि हाताला ऊबदार लागतो.

ज्या कोंबड्यांची कातडी व पाय पिवळे असतात, त्यांच्यात आणखी एक साक्ष मिळते. अंडी देताना पिवळा रंग बलकात उतरत जातो आणि शरीरावरचा रंग ठरावीक क्रमाने उडतो: आधी अंडे येण्याच्या जागेभोवतीचा, मग डोळ्यांच्या कडांचा, मग चोचीचा, आणि सर्वांत शेवटी पायाच्या नळ्यांचा. नळ्या पांढुरक्या पडलेली कोंबडी बरेच महिने अंडी देत आलेली असते, तर हंगामाच्या शेवटीही जिचे पाय हळदीसारखे पिवळे आहेत तिने फारसे काही दिलेले नसते. नवख्याला सुंदर, चकचकीत पिसांची आणि पिवळ्याधमक पायांची कोंबडी आवडते. खरी कामाची कोंबडी मात्र त्या वेळी विटलेली आणि पिसे झिजलेली दिसते.

नर निवडणे

सगळा लेख विसरला तरी हा भाग विसरू नये. एका नराची पिल्ले कळपात दहा माद्यांच्या पिल्लांइतकी असतात, आणि निवडीला वावही त्याच बाजूला असतो. समजा ६० पिल्ले मोठी झाली, त्यांत ३० नर आणि ३० तलंगा, म्हणजे तरुण माद्या, आहेत. अंड्यांसाठी किमान २० तलंगा ठेवाव्या लागतील, म्हणजे तिथे तिघींतल्या दोघी ठेवायच्या आहेत. नर मात्र तीनच लागतात, म्हणजे दहांतला एक. निवडलेले नर आपल्या तुकडीतल्या नरांच्या सरासरीपेक्षा ३०० ग्रॅमने भारी आहेत आणि निवडलेल्या तलंगा तलंगांच्या सरासरीपेक्षा १०० ग्रॅमने भारी आहेत असे धरा. दोन्ही बाजूंचा मध्य २०० ग्रॅम. वजनातल्या फरकाचा सर्वसाधारणपणे ४० टक्के भाग रक्ताने पुढे जातो, बाकीचा खाण्यापिण्याचा व नशिबाचा असतो. म्हणजे पुढची पिढी सरासरीने ८० ग्रॅम पुढे सरकेल, आणि त्यातले ६० ग्रॅम एकट्या नरांच्या निवडीतून आलेले असतील. आखाडात विकला जाणारा तो भरदार कोंबडा या ६० ग्रॅमची किंमत आहे.

अंड्यांच्या बाबतीत नराकडे पाहून काहीच कळत नाही, कारण तो अंडी देत नाही. शिवाय अंड्यांच्या संख्येतल्या फरकापैकी साधारण एक-पंचमांश भागच पुढे जातो. म्हणून अंड्यांसाठी नर निवडताना त्याच्या आईची व बहिणींची ओळ वहीत पाहावी. मी सुरुवातीला हे केले नाही. माझ्याकडे तांबड्या मानेचा, काळ्या-हिरव्या शेपटीचा एक नर होता, बाजारातून आणलेला, आईचा पत्ता नाही. तो इतका देखणा होता की दोन हंगाम सगळी पिल्ले त्याच्याकडूनच घेतली. त्याच्या मुली अंगाने छान निघाल्या, पण दहा-बारा अंडी झाली की खुडूक व्हायच्या आणि महिना-दीड महिना उठायच्या नाहीत. ते वहीत दिसायला दोन वर्षे गेली आणि सुधारायला आणखी दोन.

नर निवडताना अंगाकडेही पाहावेच. पाय सरळ, अंतर ठेवून टाकणारे, बोटे न वाकलेली, छातीचे हाड सरळ, चोच वरखाली बरोबर बसणारी, डोळा तेजस्वी आणि पंख अंगाला चिकटलेले असावेत. वाकडी चोच, कैची चोच, मुडपलेली बोटे असलेला पक्षी कितीही भारी असला तरी पैदाशीतून काढावा. छातीचे हाड कधीकधी लहानपणी बारीक काठीवर बसल्यानेही वाकते, म्हणून त्या एका दोषावर पूर्ण कुटुंब बाद करण्याची घाई करू नये. मात्र एकाच आईच्या दोन-तीन पिल्लांत तो दिसला तर ती आई व ती पिल्ले सगळीच काढावीत.

स्वभावाकडे मी पूर्वी दुर्लक्ष करत असे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील विल्यम म्यूर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की एकेकटी सर्वाधिक अंडी देणारी कोंबडी निवडण्याऐवजी एकत्र राहणारा कुटुंबगट निवडला तर काही पिढ्यांतच एकमेकींना टोचून मारण्याचे प्रमाण खूप घटते आणि गटाची एकूण अंडी वाढतात. दुसऱ्यांना खाद्यावरून हुसकावणारी कोंबडी वहीत पहिली येऊ शकते. तिच्या बहिणींच्या ओळीही चांगल्या असतील तरच तिला निवडावे.

तुलना नेहमी एकाच वेळी जन्मलेल्या व एकाच खाद्यावर वाढलेल्या पिल्लांत करावी. माघातले पिल्लू आणि आषाढातले पिल्लू यांची वजने शेजारी मांडून निवड केली तर ती ऋतूची निवड होते.

तीन गट आणि फिरते नर

लहान कळपाचा खरा शत्रू म्हणजे जवळच्या नात्यातला संबंध. बाप-लेक किंवा सख्खी भावंडे एकत्र आली तर पिल्लातला अंतःप्रजननाचा अंश एका फटक्यात २५ टक्क्यांवर जातो. अंडी फळत नाहीत, फळली तर पिल्ले कवचातच मरतात, निघालेली चिवट राहत नाहीत. एक नर आणि दहा माद्यांचा बंद कळप ठेवला तर हा अंश प्रत्येक पिढीला सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. तीन नर आणि २४ माद्या असतील तर तीच वाढ पाच टक्क्यांच्या आत राहते. खाद्याचा खर्च वाढतो म्हणून लोक जादा नर ठेवत नाहीत, पण ही काटकसर महाग पडते.

यावर सोपी व्यवस्था अशी. कळपाचे लाल, पिवळा व निळा असे तीन गट करावेत आणि त्याच रंगाच्या रिंगा घालाव्यात. प्रत्येक गटात आठ माद्या व एक नर, शिवाय प्रत्येक गटामागे एक राखीव नर बाहेर ठेवावा, कारण घार, मुंगूस आणि कुत्रा निवड पाहून येत नाहीत. मुली कायम आईच्याच गटात राहतात. मुलगे मात्र पुढच्या गटात जातात: लाल गटातला उत्तम मुलगा पिवळ्यात, पिवळ्यातला निळ्यात, निळ्यातला लालमध्ये. हा क्रम कधीही उलटवू नये. असे केल्याने बाप-लेक व सख्खी भावंडे कधीच एकत्र येत नाहीत आणि बाहेरून नर न आणताही कळप अनेक पिढ्या चालतो. तीन वेगळी आवारे बांधणे शक्य नसेल तर निदान अंडी गोळा करण्याच्या काळापुरती जाळी लावून गट वेगळे करावेत.

नर बदलल्यावर लगेच अंडी उबवू नयेत. कोंबडीच्या शरीरात आधीच्या नराचे बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहते, त्यामुळे नवा नर सोडल्यानंतर किमान तीन आठवड्यांनी पैदाशीची अंडी साठवायला सुरुवात करावी. तोपर्यंतची अंडी खाण्यासाठी वापरावीत.

अंडी व उबवणी

दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ आपल्याकडे पैदाशीला सर्वांत चांगला. उन्हाळ्यात नराची फलनक्षमता घटते, आणि पावसाळ्यातल्या ओलीत पिल्लांना रक्ती हगवण गाठते. शिवाय दिवस वाढत असताना वाढलेल्या तलंगा अंड्यावर लवकर येतात.

मध्यम आकाराची, गुळगुळीत कवचाची अंडी निवडावीत. फार मोठी, फार लहान, लांबट किंवा तडा गेलेली घेऊ नयेत. अंडी धुऊ नयेत. निमुळते टोक खाली ठेवून, माठाजवळच्या गार जागी, सात दिवसांपेक्षा जास्त न साठवता ती बसवावीत, आणि प्रत्येकावर आईचा क्रमांक पेन्सिलीने लिहावा. चांगली खुडूक गावरान कोंबडी दहा-बारा अंडी नीट सांभाळते. तिला संध्याकाळी, काळोखाच्या कोपऱ्यात, डालग्याखाली रवणाला बसवावे. यंत्र असेल तर हवा खेळत्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे, १८ व्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवावीत, आणि त्यानंतर फिरवणे थांबवून ओलावा वाढवावा. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात अंडी तपासून रिकामी काढावीत. ती कोणत्या नराच्या गटातली आहेत हे लिहून ठेवावे, कारण एकाच गटातून वारंवार रिकामी अंडी आली तर दोष बहुधा त्या नराचा असतो. २१ व्या दिवशी पिल्ले निघतात. प्रत्येक आईची अंडी शेवटचे तीन दिवस वेगळ्या जाळीच्या डब्यात ठेवली तरच पायाच्या पडद्यावरची खूण बरोबर घालता येते.

छाटणी आणि दुसरी पिढी

निवड दोनदा करावी. आठव्या आठवड्याला स्पष्ट खुंटलेले, व्यंग असलेले आणि वारंवार आजारी पडणारे पक्षी काढावेत. यापेक्षा कडक छाटणी या वयात करू नये. खरी निवड विसाव्या आठवड्याला होते. त्या दिवशी वजनानुसार नरांची यादी करावी, आईच्या अंड्यांची ओळ शेजारी लिहावी, आणि प्रत्येक गटातून दोन नरांच्या पायात राखीव रिंग घालून मगच उरलेले विक्रीला मोकळे करावेत. माघातल्या पिल्लांचे विसावे आठवडे आषाढाच्या आसपासच भरतात, म्हणून ही यादी गिऱ्हाईक दारात येण्यापूर्वी तयार हवी.

तलंगांची अंतिम निवड ४० आठवड्यांची नोंद हाती आल्यावर होते, आणि तोपर्यंत त्यांच्या बापाला विकू नये. नराची खरी परीक्षा त्याच्या मुलींच्या ओळींत असते. एका नराच्या मुलींनी बाकीच्या दोन नरांच्या मुलींपेक्षा सरासरीने जास्त अंडी दिली, त्या अंगाने कमी पडल्या नाहीत आणि त्यांची मरही जास्त नव्हती, तर तो म्हातारा नर आणखी एक हंगाम वापरावा. मात्र त्याच्या मुली ज्या गटात आहेत त्या गटात न सोडता, त्यापुढच्या गटातल्या आठ माद्यांत सोडावा, आणि तीन आठवड्यांनी पेन्सिल व वही घेऊन पुन्हा अंडी मांडायला घ्यावीत.